हरकत

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी चुका शोधल्या.
भिंगाखाली ताव, तावानंतर ताव:
सरकलेली रेघ, उतरलेली शाई,
केसाएवढा फरक.
दिसला की लाल पेन्सिलीची फुली.
साहेब म्हणायचे, शेलारांचा डोळा चुकत नाही.

आणि रविवारी, शरणपूरच्या चर्चमध्ये,
लग्नाच्या पुकारा मीच वाचायचो.
अमुक वर, तमुक वधू,
यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास
त्याने आत्ताच सांगावे.
मग मनात पाच मोजायचे,
ही जुन्या पाळकसाहेबांची शिस्त.
पंख्याची कुरकुर, कोणाच्या तरी बांगड्या.
इतक्या वर्षांत कोणी उठलं नाही.

उठलो तो मी.
चर्चमध्ये नाही, घरी, भरल्या ताटावरून.
सायलस म्हणाला, पापा, उन्मेष माझा मित्र नाही,
म्हणजे नुसता मित्र नाही.
माझा हात आपोआप
खिशातली पेन्सिल चाचपू लागला.
वचनं मला पाठ होती.
पाठच होती.
मार्था असती तर आधी भात वाढला असता,
रडली असती नंतर.

चार नाताळ फोनवर झाले.
बरं आहे. हो, बरं आहे.
मंडळीतल्या बाया म्हणायच्या,
आम्ही प्रार्थना करतोय हो त्याच्यासाठी,
आणि एकमेकींकडे बघायच्या.
त्यांना नावं का ठेवू?
त्या रांगेत पहिला मीच होतो.

मग मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत.
दुसऱ्याचं कुसळ, आपलं मुसळ, ते हेच असावं;
मला वाटायचं, नुसती म्हण आहे.
सायलसला बंगळूरहून निघायला उशीर झाला.
उन्मेष आला आधी, पिंपळगावहून,
मोटारसायकलला द्राक्षांची पेटी बांधून.
दवाखान्याच्या कागदावर 'नातं' लिहिलं होतं,
तिथे तो थांबला,
आणि ती जागा कोरी सोडून खाली सही केली.

पट्टी होती ते दोन दिवस
तो मला शास्त्र वाचून दाखवायचा, अडखळत,
नवख्या गावात पत्ता विचारावा तसा.
द्राक्षांचं काही आहे का यात, म्हणाला.
म्हटलं, कानाचं लग्न वाच.
वाचलं. गप्प झाला.
मग म्हणाला, यात नवरा-नवरीची नावंच नाहीत.

सत्तर वर्षं ऐकतोय मी ते लग्न.
रांजण मोजलेत, दगडाचे, सहा.
प्रत्येकात किती मण पाणी तेही लिहिलंय.
नावं नाहीत.
प्रभू गेला, पंगतीत बसला,
सरलेलं बघून भरून दिलं.
कोणाचं कोण, विचारल्याचं कुठे नाही.
आणि माझा हा न चुकणारा डोळा!

मी शहाणा झालो असं नाही.
रजिस्टरात रकाने दोनच, मला ठाऊक आहे.
कोर्ट काय म्हणालं तेही वाचलंय.
रात्री जुनी वचनं उठतात, भांडतात,
कधी तीच जिंकतात.

परवाच्या रविवारी, काळा चष्मा लावून,
रूबेन पगारे आणि शलाका दिवे यांची पुकार केली.
हरकत असल्यास.
एक. दोन. तीन.
म्हणतात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पोरं
याच आवारात वाढली;
गावाच्या नावातच शरण आहे.
चार.
तिथे मी दोन नावं ठेवली, मनात,
आवाज न करता, पेला ठेवावा तशी.
आणि मोजत राहिलो अकरापर्यंत.
मागच्या बाकावर कोणी खोकलं.
पाळकांनी मान वर केली.
कोणी उठलं नाही.
मीही नाही.

अजून थेंब चालू आहेत, दिवसातून चारदा.
ओट्यावर सायलस द्राक्षं धुतोय,
चाळणीतून पाणी गळतंय.
उन्मेष माझी हनुवटी धरतो,
द्राक्षाच्या चिकाने राठ झालेली बोटं.
वर बघा, पापा, म्हणतो.

वर बघतो.